एकाच अंकाची माळ: विभाज्यतेचं कोडं मुळापासून सोडवताना

कोडं असं आहे. एकच अंक परत परत लिहून संख्या तयार करायची, म्हणजे २२२, ५५५५, ९९९९९९ अशी. या संख्येला १२६ ने निःशेष भाग गेला पाहिजे. अशी सर्वांत लहान संख्या कोणती?

बहुतेक जण हे कोडं असं सोडवतात. १२६ चे अवयव पाडले: २ × ९ × ७. दोनाने भाग जायचा तर अंक सम हवा, म्हणून सर्वांत लहान सम अंक घेतला, २. नऊची कसोटी अंकांच्या बेरजेची, म्हणून २ हा अंक नऊच्या पटीत लिहावा लागणार. सातासाठी तो सहाच्या पटीत लागतो, हे काहींना माहीत असतं, बाकीचे करून बघतात. ९ आणि ६ यांचा लसावि १८. उत्तर आलं: अठरा वेळा २.

त्या संख्येला १२६ ने भाग जातो, यात शंका नाही. पण ती सर्वांत लहान नाही. खरं उत्तर सहाच अंकी आहे: ६६६६६६. करून बघा, १२६ × ५२९१ = ६६६६६६. गुणाकार, कसोट्या, लसावि यांत कुठेही चूक झालेली नव्हती. चूक झाली ती अगदी सुरुवातीला, २ हा अंक निवडताना. लहान अंक घेतला की संख्या लहान होईल, असं मन आपोआप धरून चालतं. या प्रकारच्या कोड्यांत तेच गृहीतक सर्वांत जास्त फसवतं, म्हणून या लेखात मी अंकाच्या निवडीवर सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे.

आधी संख्येचे दोन तुकडे करा

६६६६६६ म्हणजे ६ × १११ १११. एकाच अंकाची कोणतीही संख्या अशीच फुटते: एक अंक, आणि नुसत्या एकांची माळ. माळेत जितके एक, तितकी तिची लांबी म्हणू. आता कोड्यात शोधायच्या गोष्टी दोनच उरल्या, अंक कोणता आणि लांबी किती. भाजकातले अवयव या दोघांनी मिळून उचलायचे आहेत. कोण काय उचलू शकतो, एवढंच बघायचं.

माळ नेहमी १ ने संपते. त्यामुळे तिला २ ने भाग जात नाही आणि ५ नेही जात नाही, मग ती दोन अंकी असो की दोनशे अंकी. म्हणजे भाजकातले सगळे २ आणि सगळे ५ एकट्या अंकाच्या गळ्यात पडतात. अंक तर १ ते ९ मधलाच. त्यात २ हा अवयव जास्तीत जास्त तीनदा मावतो (८ मध्ये), ५ एकदाच मावतो, आणि २ व ५ एकत्र मावतच नाहीत.

यातून एक फार उपयोगी चाळणी मिळते. भाजकाला १६ ने, २५ ने किंवा १० ने भाग जात असेल, तर कोड्याला उत्तर नाही. ४८, ७५, १४० हे भाजक दिसले की तिथेच थांबा आणि कारणासकट लिहा: अशी संख्या अस्तित्वात नाही. हे पूर्ण उत्तर आहे. स्पर्धेच्या प्रश्नपत्रिकेत असा भाजक मुद्दाम पेरलेला असू शकतो, आणि ही चाळणी न लावणारा माणूस पानभर भागाकार करत बसतो.

चाळणीतून पार झालेल्या भाजकासाठी अंकांची यादी करा. भाजकात ५ असेल तर अंक ५ च. ८ असेल तर ८ च. ४ असेल (पण ८ नसेल) तर ४ किंवा ८. एकच २ असेल तर २, ४, ६, ८. दोनही नाही आणि पाचही नाही, तर नऊच्या नऊ अंक उमेदवार.

अंक आणखी काय उचलतो?

इथे बहुतेक जण पुढे पळतात, आणि इथेच थांबायला हवं. अंक फक्त २ आणि ५ उचलतो असं नाही. ३ आणि ६ हे अंक भाजकातला एक ३ उचलतात, ९ हा अंक दोन ३ उचलतो, आणि ७ हा अंक एक ७ उचलतो. अंकाने जे उचललं ते माळेवर पडत नाही. माळेवरचा भार कमी झाला की तिची लांबीही कमी होऊ शकते.

हिशोबाला सोपं सूत्र आहे. भाजक आणि अंक यांचा मसावि काढा आणि भाजकाला त्याने भागा. जे उरतं ते माळेने उचलायचं. त्याला आपण शिल्लक म्हणू.

१२६ साठी: अंक २ घेतला तर मसावि २, शिल्लक ६३. अंक ४ किंवा ८ घेतला तरी मसावि २ च, शिल्लक ६३. अंक ६ घेतला तर मसावि ६, शिल्लक फक्त २१. चारांतला ६ हा एकटाच अंक वेगळं काम करतो. ६३ साठी माळ अठरा अंकी लागते आणि २१ साठी सहा अंकी. या लांब्या कशा काढायच्या ते पुढे येतंच आहे.

पण लगेच उलट्या टोकाला जाऊ नका. जास्त उचलणारा अंक दर वेळी जिंकतो असं नाही. भाजक ३९ घ्या, म्हणजे ३ × १३. अंक ३ घेतला तर शिल्लक १३, आणि त्यासाठी सहा अंकी माळ लागते. अंक १ घेतला तर शिल्लक ३९, पण त्यालाही सहाच अंकी माळ पुरते, कारण तेरासाठी लागणारी सहा ही लांबी तिनाच्या पटीत आहेच. लांबी सारखीच असेल तर लहान अंक जिंकतो. म्हणून उत्तर १११ १११ = ३९ × २८४९. नियम असा: आधी लांबीची तुलना, लांबी सारखी आली तरच अंकाची.

माळेची लांबी काढण्याची खात्रीची रीत

आता शिल्लक हातात आहे, समजा ७. किती एकांच्या माळेला ७ ने भाग जाईल? मोठमोठ्या संख्या लिहून एकेकीला भागायची गरज नाही. शाळेतला नेहमीचा भागाकार मांडा, आणि बाकी शून्य येईपर्यंत दर वेळी वरून एक नवा १ खाली उतरवत राहा.

११ ला ७ ने भागलं: भाग १, बाकी ४.
१ उतरवला, ४१: भाग ५, बाकी ६.
१ उतरवला, ६१: भाग ८, बाकी ५.
१ उतरवला, ५१: भाग ७, बाकी २.
१ उतरवला, २१: भाग ३, बाकी ०.

सुरुवातीचे दोन एक आणि नंतर उतरवलेले चार, एकूण सहा. लांबी ६. शिवाय भागाकारही फुकटात मिळाला: १५८७३. सात गुणिले १५८७३ म्हणजे सहा एक. यात लक्ष ठेवायचं ते फक्त बाकीवर. बाकीला दहाने गुणा, एक मिळवा, पुन्हा भागा. मधली संख्या भाजकाच्या दहापटीपलीकडे कधीच जात नाही, म्हणून १७ सारख्या भाजकासाठीही हे काम तोंडी होतं. १७ साठी बाक्यांची साखळी अशी चालते: १, ११, ९, ६, १०, १६, ८, १३, १२, २, ४, ७, ३, १४, ५, ०. सोळा पायऱ्या, म्हणून लांबी १६.

एक गोष्ट बघा. सतराच्या साखळीत ० ते १६ पैकी एकच बाकी आलेली नाही, १५. साताच्या साखळीत ३ आलेली नाही. का? १५ ला दहाने गुणून एक मिळवला तर १५१, आणि १५१ ला १७ ने भागलं की बाकी पुन्हा १५. तीन घेतला तर ३१, साताने भागून बाकी पुन्हा ३. या बाक्या स्वतःभोवतीच फिरतात. आपण तिथे पोहोचलो असतो तर कायमचे अडकलो असतो, पण साखळी त्यांच्या वाटेला जातच नाही. पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा मी एकामागून एक मूळ संख्या घेऊन तपासत बसलो होतो, आणि अजूनही मला ते सुंदर वाटतं.

साखळी अडकत नाही, शून्यावर पोहोचतेच, याची खात्री काय? समजा दोन वेगळ्या लांबीच्या माळांना सारखीच बाकी आली, उदाहरणार्थ पाच एकांच्या आणि दोन एकांच्या माळेला. मग त्यांच्या वजाबाकीला भाजकाने निःशेष भाग जाणार. वजाबाकी येते १११००, म्हणजे १११ × १००. भाजकात २ किंवा ५ नाहीत, त्यामुळे शंभराशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून भाग १११ ला जायला हवा, म्हणजे त्याहून आखूड माळेवर शून्य आधीच येऊन गेलेलं असणार. थोडक्यात, शून्य येण्याआधी कोणतीही बाकी दुसऱ्यांदा येऊच शकत नाही. आणि बाक्या तर मोजक्याच आहेत, भाजक जेवढा तेवढ्याच. त्यामुळे भाजकाइतक्या पायऱ्यांच्या आत शून्य यायलाच हवं. खण कमी आणि कबुतरं जास्त असली तर एका खणात दोन येणारच, या तर्काला कबुतरखान्याचं तत्त्व म्हणतात. हा त्याचा अगदी नमुनेदार वापर.

रोज लागणाऱ्या लांब्या

काही लांब्या पाठ असलेल्या बऱ्या. ३ साठी ३, ९ साठी ९, ११ साठी २, ३७ साठी ३, १०१ साठी ४, ४१ आणि २७१ साठी ५ (कारण पाच एकांची माळ म्हणजे नेमका ४१ × २७१), ७ आणि १३ साठी ६, ७३ साठी ८, १७ साठी १६, १९ साठी १८, २३ साठी २२. सहा एकांची माळ तर खजिनाच आहे: ३ × ७ × ११ × १३ × ३७. म्हणूनच सहा अंकी उत्तरं इतक्यांदा येतात.

यादीत नसलेल्या मूळ संख्येसाठी फर्माची मदत घ्या. १६४० मध्ये पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने एका पत्रात जो नियम मांडला, त्यातून आपल्याला हवं ते मिळतं: २, ३ आणि ५ सोडून कोणत्याही मूळ संख्येची लांबी ही त्या संख्येतून एक वजा करून येणाऱ्या संख्येची विभाजक असते. १७ साठी १६ चा विभाजक, ३७ साठी ३६ चा, ४१ साठी ४० चा. मग ३१ साठी सगळी साखळी तपासण्याऐवजी फक्त ३० च्या विभाजकांच्या जागा बघायच्या. तिसऱ्या जागी बाकी १८, पाचव्या जागी १३, सहाव्या जागी ७, दहाव्या जागी २८, पंधराव्या जागी ०. लांबी १५. साखळी लिहिताना आकडेमोडीत घोटाळा झाला असेल तर तोही याच नियमाने पकडला जातो. ३१ साठी कोणी १४ असं उत्तर आणलं, तर न तपासता सांगता येतं की ते चूक आहे.

सर्वांत छोटी लांबी मिळाली की त्याच भाजकासाठी चालणाऱ्या बाकीच्या सगळ्या लांब्या तिच्या पटीत असतात, दुसऱ्या नाहीत. म्हणून शिल्लकेत अनेक अवयव असतील तर लांब्यांचा लसावि घ्यायचा. २१ साठी ३ आणि ६ यांचा लसावि ६. ६३ साठी ९ आणि ६ यांचा १८. ७ × ४१ साठी ६ आणि ५ यांचा ३०.

घातांचा सापळा

लसावि घेताना एक चूक हमखास होते. ४९ म्हणजे ७ × ७, दोन्हींची लांबी ६, लसावि ६, असं कोणी लिहितं. पण १५८७३ ला ७ ने भाग जात नाही, म्हणजे सहा एकांच्या माळेत ७ हा अवयव एकदाच आहे. लसाविची रीत सहमूळ अवयवांपुरतीच चालते, एकाच मूळ संख्येच्या घाताला ती लावता येत नाही.

४९ साठी असं बघा. माळेची लांबी सहाच्या पटीत हवी हे नक्की. अशा माळेचे सहा-सहाचे गट पाडले तर ती सहा एकांची माळ गुणिले १०००००१०००००१ छापाची एक संख्या होते. दशलक्षाला ७ ने भागून बाकी १ उरते, म्हणून त्या दुसऱ्या संख्येची बाकी म्हणजे गटांची संख्या. तिला साताने भाग जायचा तर सात गट हवेत. सात गुणिले सहा, लांबी ४२. याच कारणाने ९ साठी ९, २७ साठी २७, आणि १२१ साठी २२. वर्गासाठी लांबी मूळ संख्येइतक्या पटीने वाढते असं म्हणायला हरकत नाही, पण ४८७ हा अपवाद आहे. तिच्या बाबतीत ४८६ एकांच्या माळेला ४८७ ने भाग जातो आणि ४८७ च्या वर्गानेही जातो.

घात आले की अंकाची निवड आणखी महत्त्वाची होते. नुसत्या एकांना ४९ ने भाग जायला बेचाळीस अंक लागतात, पण ७७७७७७ ला सहा अंकांतच जातो. २७ साठी सत्तावीस एक लागतात, आणि ९९९ मात्र तीन अंकांत काम उरकतं.

एक पूर्ण उदाहरण

भाजक ६९३ घेऊ. अवयव ९ × ७ × ११. दोन आणि पाच नाहीत, म्हणजे सगळे नऊ अंक उमेदवार.

१, २, ४, ५, ८: यांच्यापैकी कोणाचाच ६९३ शी साधारण अवयव नाही. शिल्लक ६९३, लांब्या ९, ६, २, लसावि १८.

३ आणि ६: शिल्लक २३१, म्हणजे ३ × ७ × ११. लांब्या ३, ६, २, लसावि ६.

७: शिल्लक ९९. लांब्या ९ आणि २, लसावि १८. सात हा अवयव उचलूनही काही फायदा झाला नाही, कारण खरी अडचण नऊची होती.

९: शिल्लक ७७. लांब्या ६ आणि २, लसावि ६.

सहा लांबीचे उमेदवार ३, ६ आणि ९. त्यांत लहान ३. उत्तर ३३३३३३, आणि ६९३ × ४८१ = ३३३३३३.

ताळा बघायची छान सोय आहे. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीनचे गट पाडा आणि आलटून पालटून वजा-अधिक करा. ३३३ − ३३३ = ०, म्हणजे ७, ११ आणि १३ तिन्हींनी भाग जातो. नऊसाठी अंकांची बेरीज १८. दोन ओळींत ताळा झाला. २७ आणि ३७ साठी हेच गट नुसते बेरजेला घ्यायचे, कारण २७ × ३७ = ९९९.

अंकाऐवजी गट परत आला तर

याच कोड्याचं एक भावंड: ४३२१ हा गट ओळीने किती वेळा लिहिला तर ७ ने भाग जाईल? रीत तीच, फक्त बाकीला दहाऐवजी १०००० ने गुणायचं आणि एकाऐवजी गटाची बाकी मिळवायची. ४३२१ ची बाकी २, आणि १०००० ची बाकी ४. साखळी: २, मग २ × ४ + २ = १०, बाकी ३, मग ३ × ४ + २ = १४, बाकी ०. तीन वेळा. ४३२१४३२१४३२१ = ७ × ६१७३४७४४९०३.

अकरासाठी विचारलं तर गोष्ट वेगळी होते. १०००० ला ११ ने भागून बाकी १ उरते, म्हणजे प्रत्येक नवा गट तीच बाकी पुन्हा भर घालतो, आणि गट अकरा वेळा लिहावा लागतो. सम अंकी गटांचं अकराशी नेहमी असंच असतं, अर्थात गटाला स्वतःलाच ११ ने भाग जात नसेल तर. सात आणि अकरा दोन्ही हवे असतील तर ३ आणि ११ यांचा लसावि, ३३ वेळा.

शून्याला परवानगी असेल तर

चाळणीने बाद केलेले भाजक इथे परत येतात. १ आणि ० वापरून २८० ने भाग जाणारी संख्या हवी असेल, तर सहा एक आणि पुढे तीन शून्यं नक्की चालतात: १११ १११ ००० = २८० × ३९६८२५. पण कोड्यात सर्वांत लहान विचारलं असेल तर इथे थांबू नका, शून्यं मध्येही बसू शकतात. शेवटची तीन शून्यं ८ आणि ५ साठी लागतातच. त्यांच्या आधी १ आणि ० ची, साताने भाग जाणारी सर्वांत लहान संख्या हवी. १, १०, ११, १००, १०१, ११०, १११, १००० यांपैकी एकही चालत नाही, १००१ चालते. उत्तर १००१०००.

हात बसवायला

१८५: पाच आहे, अंक ठरलेला. शिल्लक ३७, उत्तर ५५५.

१७६: सोळा आहे, उत्तर नाही.

४५: अंक ५, शिल्लक ९, म्हणून नऊ वेळा ५. भागाकार येतो १२३४५६७९, ज्यात ८ गाळलेला दिसतो. नऊ एकांच्या माळेला ९ ने भागलं तरी हाच येतो.

२६४: अंक ८ च. शिल्लक ३३, लांब्या ३ आणि २, उत्तर ८८८८८८.

१२२१: म्हणजे ३ × ११ × ३७. अंक ३ घेण्याचा मोह होईल. शिल्लक ४०७ साठीही लांबी ६ आणि १२२१ साठीही ६, म्हणून उत्तर सहा एक.

१९९८: म्हणजे २ × २७ × ३७. २, ४ आणि ८ घेतले तर शिल्लक ९९९, लांबी २७. ६ घेतला तर शिल्लक ३३३, लांबी ९. उत्तर ६६६६६६६६६, आणि भागाकार ३३३६६७. तो स्वतः मूळ संख्या आहे.